कोल्हापूरच्या अंगणातली ब्लूबेरी : कात्री कधी, कुठे आणि किती?

ऑक्टोबर उजाडला की कोल्हापुरात गुलाबांच्या छाटणीची गडबड सुरू होते. ताराबाई पार्कातल्या बंगल्यांपासून कळंब्याकडच्या नव्या वसाहतींपर्यंत सगळीकडे कात्र्या बाहेर निघतात. तिकडे तासगाव भागात द्राक्षांची फळछाटणी जोरात असते, त्यामुळे पाहुण्यांकडून सल्लाही तसाच येतो : “छाटणीचा महिना हाय, लावा की कात्री!” मग गुलाबाशेजारच्या कुंडीतली ब्लूबेरीसुद्धा त्याच ओघात वीतभर खाली येते. थंडी सरते, झाड हिरवंगार दिसतं, पण फूल एक धरत नाही. आणि लोक म्हणायला लागतात, “हे परदेशी झाड, आपल्याकडं नाही यायचं.”

दोष झाडाचा नसतो, महिन्याचा असतो. गुलाबाला फूल येतं ते छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर. द्राक्षातही मागे ठेवलेल्या डोळ्यांतून, म्हणजे काडीवरच्या अंकुरांतून, जी नवी फूट निघते तिच्यावर घड लागतो. ब्लूबेरीचा फुलाचा डोळा मात्र पावसाळ्यात वाढलेल्या काडीच्या शेंड्याला, आधीच बांधून तयार होतो. दिवस रात्रीपेक्षा लहान व्हायला लागले, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून पुढे, की हे काम झाडाच्या आत सुरू असतं. ऑक्टोबरात शेंडे कापले म्हणजे पुढचं सगळं पीक कापलं. म्हणून आपल्या हवामानात एवढी गोष्ट पक्की धरायची : फळं संपली की पावसाच्या आधी मुख्य छाटणी, आणि गणपती बसले की कात्री बंद. पुढचं सगळं याच्याच भोवती आहे.

रोप घेताना

ब्लूबेरीच्या नावाखाली काहीही विकलं जातं, म्हणून पैसे देण्याआधी पानाकडे बघा. ब्लूबेरीची पानं काडीवर एकाआड एक येतात, लंबगोल असतात, थोडी निळसर झाक असते, आणि कोवळी पालवी कधीकधी लालसर दिसते. दोन पानं समोरासमोर दिसली, पान खुडल्यावर पांढरा चीक आला आणि काटाही असला, तर ते करवंद आहे. पानं समोरासमोर, जाडसर, चुरगळल्यावर उग्र वास, तर ते जांभळाचं रोप. ब्लूबेरीला चीक नाही, काटा नाही. बियांच्या पुड्यांच्या नादाला लागू नका. बी रुजायला वेळ लागतो, फळ यायला वर्षं जातात आणि जात कुठली निघेल याचा भरवसा नाही.

जात निवडणं इथे फार महत्त्वाचं. थंड देशांतल्या हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या जातींना हिवाळ्यात साधारण ८०० ते १००० तास ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. कोल्हापुरात थंडीतला पारा सहसा १३-१५ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे तसली थंडी आपल्याकडे एक तासही मिळत नाही. आपल्याला हव्यात ‘सदर्न हायबुश’ गटातल्या जाती. उत्तरेकडच्या हायबुशचा फ्लोरिडाकडच्या एका रानटी सदाहरित ब्लूबेरीशी संकर करून हा गट तयार झाला. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, एमराल्ड, ज्वेल ही त्यातली नावं. बिलॉक्सी १९९८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात प्रसारित झाली आणि जिथे थंडी जवळजवळ नसतेच अशा पेरू देशाच्या किनारपट्टीवर तिची मोठी लागवड झाली. एकच रोप घ्यायचं असेल तर मी बिलॉक्सीच सांगेन. पण शक्य असेल तर दोन वेगळ्या जाती शेजारी शेजारी ठेवा. एकीचे पराग दुसरीला मिळाले की फळ मोठं होतं आणि जास्त धरतं.

माती : इथेच निम्मी लढाई

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ पीएचची माती लागते, म्हणजे चांगलीच आम्लधर्मी. अमेरिकेत कित्येक वर्षं लोक रानातली झुडपं आणून सुपीक वाफ्यात लावायचे आणि ती मरायची. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवलं की या झाडाला आम्लधर्मी मातीच हवी. पुढे न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाईट या बाईंनी त्याच्यासोबत काम केलं, रानात हिंडणाऱ्या लोकांकडून मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली, आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. सांगायचा मुद्दा हा, की ‘चांगली माती’ म्हणजे आपण जे समजतो ते या झाडाला विष ठरू शकतं.

पंचगंगेकाठची काळी कसदार माती उसाला सोनं आहे, पण तिचा पीएच बहुतेक ठिकाणी ७.५ च्या पुढे असतो. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. ८ वरून ५ वर यायचं म्हणजे हजारपट. गंधक टाकून अंगणातली चुनखडीची काळी जमीन तिथवर आणायची म्हटलं तर वर्षानुवर्षं झगडावं लागेल, आणि आजूबाजूची माती ते पुन्हा वर खेचत राहील. त्यामुळे कोल्हापूर शहरात जमिनीत लावायचा हट्ट सोडा आणि कुंडीच वापरा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पट्ट्यात जांभ्याची तांबडी माती आहे, ती मुळातच आम्लधर्मी असते. तिकडे घर असेल तर उंच गादीवाफा करून जमिनीत लावून बघायला हरकत नाही, फक्त पाणी साचू देऊ नका.

कुंडी रुंद हवी. ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक असतात, त्यांना मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे सूक्ष्म केस, नसतात, आणि बहुतेक सगळी वरच्या फूटभरातच पसरतात. छोटं रोप १५-२० लिटरच्या कुंडीत सुरू करा आणि दोन वर्षांत ४०-५० लिटरपर्यंत न्या. निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापून, तळाला भरपूर भोकं पाडली तर उत्तम होतो. जाड कापडी ग्रो बॅगही चालते. सिमेंटची कुंडी मात्र अजिबात नको, त्यातला चुना पाण्याबरोबर सुटत राहतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

मिश्रणासाठी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) चार भाग, मिळालं तर पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) दोन भाग, आणि पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा भाताचं जुनं तूस दोन भाग. तुसाला कोल्हापुरात तोटा नाही, आजरा-भुदरगडकडच्या भाताच्या गिरणीवर सहज मिळतं. पीट मॉस मिळालं नाही तर त्याऐवजी जांभ्याची लाल माती एक भाग आणि कुजलेला पालापाचोळा एक भाग घाला. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा ओतायचं. नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि ब्लूबेरीला क्षार सोसत नाहीत.

आता काय घालायचं नाही ते. शेणखताची आपल्याला सवय असते, पण इथे ते नको. त्यात क्षार असतात, पीएच वर जातो, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हुमणी काय करते हे सांगायला नको. कुंडीतल्या एवढ्याशा मुळांचा ती बघता बघता फडशा पाडते. साखर कारखान्याची मळीही नको. रस साफ करताना चुना वापरतात, तो मळीत उतरतो. चुलीची किंवा बॉयलरची राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा ही सगळी मंडळी इथून लांबच ठेवा.

मिश्रण तपासायचं तर एक भाग माती आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर ढवळून अर्धा तास ठेवा, मग पीएचची पट्टी बुडवा. ५.५ च्या वर असेल तर थोडी गंधक पावडर मिसळून, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने थांबून लावणी करा. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यांना तेवढा वेळ लागतो. घाई करून भागत नाही.

पाणी

बादलीला किंवा नळाला पांढरा थर चढत असेल तर तेच पाणी रोज कुंडीत चुना टाकतंय असं समजा. बोअरच्या पाण्यावर वाढवलेली ब्लूबेरी वर्षभरात पिवळी पडते ती यामुळे. सर्वांत चांगलं पाणी पावसाचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर छपरावरून धो धो वाहून जातं, त्यातलं दोन-चार ड्रम झाकून साठवलं तर फुलाफळांच्या दिवसांत फार उपयोगी पडतं.

ते नसेल तर दहा लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवा आणि पट्टी बुडवून बघा. ५.५ च्या आसपास आलं की पुरे. नाही आलं तर आणखी चिमूटभर. प्रत्येक घरचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे प्रमाण एकदा पट्टीनं ठरवून घ्या. बॅटरीचं अॅसिड वगैरे घरात वापरू नका.

मुळांना मूलरोम नसल्यामुळे हे झाड कोरडेपणा सहन करत नाही आणि बुडून राहिलेलंही सहन करत नाही. बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर थांबा, नाही लागली तर द्या. एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज, कधी दोन वेळा पाणी लागतं. वरून उसाच्या पाचटाचं दोन-तीन इंचांचं आच्छादन घाला. कोल्हापुरात हे आच्छादन फुकटात मिळतं आणि ब्लूबेरीला मानवतंही. फक्त बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा आणि अधूनमधून उचलून वाळवी लागली नाही ना ते बघा.

ऊन सकाळचं सहा तास मिळालं पाहिजे. मार्चपासून पाऊस येईपर्यंत दुपारी ३०-३५ टक्क्यांची हिरवी जाळी धरा. गच्चीवरच्या कुंड्या फरशीला टेकवून ठेवू नका, खाली विटा द्या. उन्हाळ्यात फरशी मुळांना भाजते आणि पावसाळ्यात भोकं बंद होतात.

पहिली दोन वर्षं : फळाचा मोह आवरायचा

नवीन रोपाला पहिल्या हंगामात फुलं आली तर बोटांनी खुडून टाका. जिवावर येतं, मला माहीत आहे, पांढऱ्या घंटीसारखी फुलं असतात ती. पण लहान रोपानं फळ धरलं की त्याची वाढ थांबते आणि पुढची दोन वर्षं ते तेवढंच राहतं. लावतानाच वरचा साधारण तिसरा हिस्सा कापा, बारीक काटकुळ्या काड्या बुडातून काढा. दुसऱ्या वर्षी जाड, जोमदार काड्यांवर थोडी फुलं राहू द्या, बाकीची काढा. या काळात आपण एकच गोष्ट मिळवतोय : बुंध्यातून वर आलेल्या तीन-चार ठणठणीत काड्या.

तिसऱ्या वर्षापासूनची मुख्य छाटणी

वेळ : शेवटची फळं तोडून झाली की लगेच. आपल्याकडे ती साधारण मे महिन्यात येते, पण तारीख झाड ठरवतं. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की साधून घ्या. पाऊस लागल्यावर छाटणी नको. ओल्या हवेत ताज्या कापातून बुरशी शिरते आणि अख्खी काडी वरून खाली तपकिरी होत वाळत जाते. मेमध्ये केलेला काप पाऊस लागेपर्यंत सुकतो, आणि मग सगळा पावसाळा नव्या फुटीला मिळतो.

कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनं काडी चिरडते. पाती स्पिरिटनं पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. जाड जुन्या काड्यांसाठी छोटी करवत जवळ ठेवा.

आता झाडासमोर बसा, उभं राहून छाटू नका. बसलं की बुंधा दिसतो, आणि ब्लूबेरीची छाटणी बुडापासून वर करायची असते. आपल्याकडे लोक वरून भादरायला सुरुवात करतात, त्यामुळे झुडूप वरून गोल छान दिसतं पण आतून म्हातारंच राहतं.

आधी वाळलेलं आणि रोगट काढा. शंका असेल तर काडीची साल नखानं खरवडा. हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी काडी कापत खाली या, कापाच्या आत स्वच्छ हिरवट-पांढरं लाकूड दिसेपर्यंत. गाभ्यात तपकिरी डाग असेल तर अजून खाली जा.

मग बुंध्याकडे बघा. तिथे तुम्हाला तीन पिढ्या दिसतील. सर्वांत जुन्या काड्यांची साल करडी, खरखरीत, सुटत आलेली असते. मधल्या वयाच्या तपकिरी असतात. नव्या हिरव्या किंवा लालसर, गुळगुळीत. चार-पाच वर्षांच्या पुढची काडी जागा आणि अन्न घेते, पण फळ बारीक आणि कमी देते. अशी एक, फार तर दोन काड्या दरवर्षी जमिनीलगत कापा. तिच्या बुडाजवळ एखादा जोरकस नवा फुटवा असेल तर त्याच्या वर कापा, तो तिची जागा घेईल. हा काप माणसाला सगळ्यात अवघड जातो, कारण सगळ्यात जाड आणि उंच काडी तीच असते. पण झाड तरुण राहतं ते याच कापामुळे. कुंडीतल्या मोठ्या झाडाला एकूण पाच-सहा मुख्य काड्या पुरतात : दोन जुन्या, दोन मधल्या, दोन नव्या, असा मेळ राहिला की दरवर्षी पीक सारखं येतं.

त्यानंतर मधला भाग. एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, जमिनीवर लोळणाऱ्या काड्या काढा. झाडातून पलीकडची भिंत जराशी दिसली पाहिजे, एवढी हवा आत खेळू द्या. आपल्या दमट पावसाळ्यात पानांवरचा तांबेरा आणि ठिपके याच्यानंच निम्मे कमी होतात.

आता शेंडे. फळं देऊन गेलेल्या काडीच्या टोकाला काटकुळ्या फांद्यांचा झुपका झालेला असतो. हा झुपका ठेवला तर पुढच्या वर्षी त्यावर डझनभर अशक्त फुलं आणि मिरीएवढी फळं येतील. झुपक्याच्या खाली जिथे पेन्सिलएवढी जाड काडी आणि निरोगी पान आहे तिथे, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, जरा तिरका काप द्या. लांब वाढलेल्या काड्यांचे वरचे २०-३० सेंटिमीटरही याच वेळी घ्या.

हे सगळं मिळून झाडाचा पाव ते तिसरा हिस्सा जाईल, त्यापेक्षा जास्त नको. आपल्याकडे हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपत नाही, वर्षभर पानांवरच जगतं. एकदम सगळं बोडकं केलं तर मेच्या उन्हात उघड्या काड्या भाजतात. फार वर्षं दुर्लक्षित झालेलं, निव्वळ लाकूड झालेलं झुडूप सुधारायचं असेल तर ते तीन वर्षांत सुधारा, दर वर्षी जुन्या काड्यांतला तिसरा हिस्सा काढत.

पावसाळ्यातला हलका हात

छाटणीनंतर पाऊस लागला की बुंध्यातून आणि कापांखालून फूट जोरात येते. काही फुटवे महिना-दीड महिन्यात कमरेएवढे सरळ वर जातात. असा फुटवा दोन फुटांचा झाला की त्याचा कोवळा शेंडा नखानं खुडा. त्याला बाजूच्या तीन-चार फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीच्या शेंड्याला पुढे फुलाचे डोळे बसतात. न खुडता सोडला तर एकाच दांड्याच्या टोकाला सगळा भार येऊन तो वाकतो.

हे शेंडे खुडणं ऑगस्टपर्यंतच. गणपतीनंतर खुडलेल्या शेंड्याला नवी फांदी वाढवून तिच्यावर डोळे बांधायला वेळ उरत नाही. गौरी-गणपतीच्या आवराआवरीत कुंड्या फिरवताना, सजवताना कुणाला ‘जरा नीट दिसावं’ म्हणून शेंडे कापू देऊ नका.

जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडीत पाणी साचतंय का ते रोज बघा. दोन दिवस पाणी तुंबलं तरी मुळं कुजायला लागतात, आणि वर पानं कोमेजलेली दिसल्यामुळे माणूस आणखी पाणी घालतो. सतत झड असेल तर कुंडी पत्र्याच्या कडेखाली सरकवा, पण पागोळ्यांखाली नको.

खत

ब्लूबेरीला नत्र अमोनियमच्या रूपात लागतं, नायट्रेट तिला नीट वापरता येत नाही. म्हणून साधं अमोनियम सल्फेट सर्वांत चांगलं. त्यानं पीएचही खाली राहतो. ४० लिटरच्या कुंडीतल्या मोठ्या झाडाला महिन्यातून एकदा सपाट चहाचा चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, पाच लिटर पाण्यात विरघळवून द्या. लहान रोपाला निम्मं. पीएच ५ च्या खाली गेला असेल तर तेवढ्यापुरता युरिया, त्याच्याही निम्म्या मापानं. झडीच्या दिवसांत खत वाहून जातं, तेव्हा तेच माप दोन हप्त्यांत विभागा. ऑक्टोबरपासून फुलं येईपर्यंत हात आखडता घ्या. पोटॅश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश. नेहमीचं लाल पोटॅश म्हणजे म्युरेट, त्यातलं क्लोराईड या झाडाला बाधतं.

पानं बोलतात, ती वाचायला शिका. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतंच, पीएच वर गेल्यानं मुळांना ते घेता येत नाही. तात्पुरतं चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम फवारा, पण खरा इलाज पाण्याचा पीएच. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या-लाल आणि मधे हिरवा पट्टा, तर मॅग्नेशियम कमी, एप्सम सॉल्ट द्या. पानांच्या कडा करपल्या तर क्षार साठलेत, भरपूर स्वच्छ पाणी सोडून कुंडी धुऊन काढा.

किडींचं फार मनावर घेण्यासारखं नसतं. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसा, फुलकिडे आणि मावा वाढले तर निंबोळी तेल संध्याकाळी फवारा, फुलं उघडी असताना मात्र काही नको.

थंडीतले डोळे

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक काडी जवळून निरखून बघा. शेंड्याकडचे चार-सहा डोळे फुगीर, गोलसर, गव्हाच्या दाण्याएवढे असतील. ते फुलांचे. त्यांच्या खालचे बारीक, टोकदार, काडीला चिकटलेले, ते पानांचे. एका फुगीर डोळ्यातून साधारण पाच ते दहा फुलांचा घोस निघतो. म्हणजे पातळ काडीवर सहा फुगीर डोळे असतील तर ती काडी पन्नास फळांचं ओझं उचलणार आहे, आणि ते तिला झेपणार नाही. अशा काडीवर दोन-तीन डोळे ठेवून वरचे अंगठ्यानं चोळून काढा. जाड काडीवर पाच-सहा राहू द्या. थंडीत करायची छाटणी एवढीच, आणि ती बोटांची.

फुलांचे परागकोश टोकाला बारीक भोक असलेल्या नळीसारखे असतात, पराग हलवून पाडावे लागतात. आपल्याकडचे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला धरून अंग थरथरवतात, त्यानं पराग सांडतात. तुळस, सब्जा जवळ फुलत ठेवा, म्हणजे त्या येत राहतात. बंदिस्त गच्चीवर माश्या फिरकत नसतील तर बॅटरीवरचा टूथब्रश सकाळी अकराच्या सुमारास घोसाच्या देठाला दोन-दोन सेकंद लावा. दुसऱ्या जातीच्या झाडावरही लगेच लावा, म्हणजे परागांची अदलाबदल होते.

फूल ते फळ साधारण दोन ते तीन महिने. फळं निळी दिसायला लागली की बुलबुल आणि कोकिळा आधी येतात, म्हणून रंग बदलायच्या आतच बारीक छिद्रांची जाळी ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकतात. निळं झालं म्हणून लगेच तोडू नका, चार-सहा दिवस थांबा. तोडल्यावर फळाची गोडी वाढत नाही. फळ उलटं करून देठाकडे बघा, तिथे लालसर कडं असेल तर अजून आंबट आहे. पिकलेलं फळ अंगठ्यानं हलकं लोटलं की आपसूक तळहातात येतं. वरची पांढरी भुकटी अगदी खायच्या वेळीच धुवा, तोवर तिच्यामुळे फळ टिकतं. सगळी एकदम पिकत नाहीत, दर तीन-चार दिवसांनी फेरी मारायची.

कापलेल्या काड्यांचं काय?

मेच्या छाटणीतल्या सगळ्या काड्या टाकू नका. त्यातल्या या वर्षी वाढलेल्या, ना फार कोवळ्या ना लाकूड झालेल्या काड्यांचे १०-१२ सेंटिमीटरचे तुकडे करा. वरची दोन पानं ठेवा, खालची काढा, कापाला मूळ फुटायची पावडर लावा, आणि धुतलेल्या कोकोपीट-पर्लाइटमध्ये दोन इंच खोचा. वर पारदर्शक पिशवी उलटी घालून सावलीत ठेवा, दिवसातून एकदा उघडून हवा द्या. पावसाळी दमट हवा या कामाला फार चांगली, दोन महिन्यांत काहींना मुळं फुटतात. सगळ्या जगत नाहीत, म्हणून गरजेपेक्षा दुप्पट लावा. प्रत्येक ट्रेवर जातीचं नाव त्याच दिवशी लिहा, नाहीतर बिलॉक्सी कुठली आणि मिस्टी कुठली हे पुढे फळ येईपर्यंत कळत नाही. मुळं धरली की सहा इंची कुंडीत, वर सांगितलेल्याच मिश्रणात हलवा, आणि पहिला उन्हाळा पूर्ण जाळीखाली काढू द्या.